आठवड्यातून तीनदा चाळीस मिनिटे : रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या एका वाचक भगिनीच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न : माझे वय ४७ आहे. आम्ही पुण्यात कोथरूडला राहतो. सासूबाईंना चार वर्षांपासून स्मृतिभ्रंश आहे. त्यांचे सगळे मीच पाहते, त्यासाठी दोन वर्षांपूर्वी नोकरीही सोडली. झोप नीट लागत नाही, लहानसहान गोष्टींवरून चिडचिड होते, म्हणून डॉक्टरांना दाखवले. त्यांनी रक्ताच्या तपासण्या केल्या, एक सौम्य गोळी दिली आणि "थोडा वेळ निसर्गात घालवत जा" असे सांगितले. त्याप्रमाणे जुलैत एका ग्रुपबरोबर किल्ल्यावर जाऊन आले. परतल्यावर दोन दिवस अंग दुखत होते, आणि दिवसभरात सासूबाई जेवल्याच नाहीत हे कळल्यावर आपण गेलोच कशाला असे झाले. निसर्गाने खरोखर काही फरक पडतो का? पडत असेल, तर माझ्यासारखीने ते कसे जमवावे?

उत्तर : तुमच्या डॉक्टरांचा सल्ला योग्य आहे, फक्त त्यात मात्रा लिहायची राहून गेली. गोळी किती, केव्हा, जेवणाआधी की नंतर, हे चिठ्ठीवर नेमके लिहिलेले असते. "निसर्गात वेळ घालवा" हे वाक्य मात्र तसेच मोघम सोडून दिले जाते, आणि मग ऐकणारा आपल्या मनातल्या चित्राप्रमाणे त्याचा अर्थ लावतो. दीर्घ आजारी माणसांच्या घरच्यांबरोबर समुपदेशक म्हणून काम करायला लागून मला बावीस वर्षे झाली, आणि हे चित्र बहुतेक वेळा एकच असते असा माझा अनुभव आहे : पावसाळ्यातला सह्याद्री, धुके, धबधबा आणि गडाच्या दरवाज्यात काढलेला सगळ्यांचा फोटो. त्या चित्रापर्यंत पोहोचण्यासाठी पहाटे साडेतीनला उठून दोन वेळचा स्वयंपाक करून ठेवायचा, गोळ्या डबीत मोजून ठेवायच्या, सगळ्यांना चार-चारदा सूचना द्यायच्या, बसमध्ये तीन तास काढायचे, गडावरच्या अरुंद पायऱ्यांवर रांगेत उभे राहायचे आणि परत येऊन तुंबलेली कामे उपसायची. ज्याची एवढी तयारी करावी लागते ते तुमच्या आधीच भरलेल्या यादीतले आणखी एक काम होते. तुम्ही दमून परतलात यात तुमचे काही चुकले नाही आणि किल्ल्याचेही नाही.

आता फरक पडतो का, याविषयी. रॉजर उलरिक या संशोधकाचा १९८४ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला आजही उपयोगी वाटतो, कारण तो साधा आहे. अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यातील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या जुन्या नोंदी त्यांनी तपासल्या आणि वय, लिंग वगैरे बाबतींत एकमेकांशी जुळणाऱ्या रुग्णांच्या २३ जोड्या लावल्या. प्रत्येक जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडे दिसत होती आणि दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण सरासरी पाऊण दिवस लवकर घरी गेले, आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. ते झाडांखाली फिरले नव्हते, त्यांनी ती फक्त काचेतून पाहिली होती. पुढे २०१९ साली इंग्लंडमधील सुमारे २०,००० लोकांच्या माहितीवरून असे दिसले की, आठवड्यातून एकूण १२० मिनिटे किंवा त्याहून अधिक काळ बागेत, रानात, समुद्रकिनारी अशा ठिकाणी घालवणारे लोक आपली प्रकृती चांगली असल्याचे आणि आपण समाधानी असल्याचे अधिक प्रमाणात सांगत होते, आणि हा वेळ एका दमात घेतला की तुकड्या-तुकड्यांनी, याने फरक पडत नव्हता. या अभ्यासाला एक मर्यादा आहे, ती लपवण्यात अर्थ नाही : ज्यांची प्रकृती मुळात बरी असते तेच जास्त बाहेर पडतात, त्यामुळे कारण कोणते आणि परिणाम कोणता हे अशा पाहणीतून पक्के ठरत नाही. तरीही 'तुकड्या-तुकड्यांनी चालेल' ही गोष्ट तुमच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे, तिच्याकडे मी पुन्हा येईन.

हे का घडत असावे, याचे जे स्पष्टीकरण मला कामात सर्वांत पटलेले आहे ते रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याचे. त्यांच्या मते आपले लक्ष दोन प्रकारे काम करते. एक लक्ष आपण मुद्दाम, नेट लावून देतो, आणि ते स्नायूसारखे थकते. दुसरे आपोआप कुठेतरी हलकेच जडते, जसे वाऱ्यावर हलणाऱ्या पानांवर किंवा पाण्यावरच्या तरंगांवर, आणि ते जडलेले असताना पहिल्याला विसावा मिळतो. स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाच्या घरात पहिल्या प्रकारचे लक्ष कसे खर्ची पडते हे तुम्हाला सांगायला नको. गॅसची शेगडी बंद आहे ना, दाराची वरची कडी लावली ना, न्हाणीघरात पाणी सांडलेले नाही ना, सकाळची गोळी गिळली की गालात ठेवली, आणि आत्ता आतून आवाज आला तो कसला? तुम्ही बसलेल्या असता तेव्हाही कान उभेच असतात. ही थकावट झोपेने पूर्ण भरून निघत नाही, कारण झोपेतही एक कान जागा असतो. टीव्ही किंवा मोबाइल पाहूनही ती जात नाही, कारण ते तुमचे लक्ष ओढून घेतात, त्याला मोकळे सोडत नाहीत. झाड तुमच्याकडून काहीच मागत नाही. तुम्ही त्याच्याकडे पाहिले काय आणि न पाहिले काय, त्याचे काही अडत नाही. दिवसभर ज्याच्यावर कोणीतरी पूर्णपणे विसंबून असते अशा माणसाला अशी, आपल्यावाचून न अडणारी जागा हवी असते, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. जागा किती रम्य आहे याने फारसे काही ठरत नाही. ती घराजवळ असावी आणि तिथे पुन्हा पुन्हा जाता यावे.

म्हणून मात्रा अशी : आठवड्यातून तीनदा, दर वेळी चाळीस मिनिटे, एकाच ठिकाणी. तुम्ही कोथरूडला राहता, म्हणजे एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या बाजूने वेताळ टेकडीवर जाणे तुम्हाला सोपे आहे. ही पुणे शहरातली सर्वांत उंच टेकडी असली तरी तुम्हाला माथ्यावरच्या वेताळबाबाच्या देवळापर्यंत किंवा खाणीपर्यंत जाण्याची काहीही गरज नाही. पहिल्या चढानंतर जिथे रस्त्याचा आवाज मंदावतो तिथे एखादे झाड किंवा दगड निवडा आणि तिथेच जात राहा. टेकडीवर बहुतेक ठिकाणी लागवडीचा गिरिपुष्पच आहे, ज्याला सगळे ग्लिरिसिडियाच म्हणतात, आणि जाणकार त्याच्या नावाने नाक मुरडतात ते योग्यच आहे, कारण त्याच्या गर्दीत आपली देशी झाडे मागे पडली. पण मधूनमधून सालई, मोई, पळस, बहावा ही मंडळी आहेत, पहाटे मोरांचा आवाज येतो, आणि तुमच्या कामासाठी एवढे पुष्कळ आहे. गुडघे कुरकुरत असतील तर टेकडीचा हट्ट धरू नका. सोसायटीच्या मागच्या गल्लीत मोठी झाडे असतील तर तीही चालतील.

वेळ सकाळची ठेवा. याचे कारण तुमच्या सासूबाईंच्या आजारात आहे : स्मृतिभ्रंशाच्या अनेक रुग्णांना दिवस कलू लागला की अस्वस्थपणा वाढतो, ते "मला घरी जायचंय" म्हणू लागतात, दाराशी जातात. त्या वेळी तुम्ही बाहेर असाल तर शरीर टेकडीवर आणि मन घरात राहील. सकाळच्या उजेडाचा आणखी एक फायदा असा की, शरीराचे झोपे-जागेपणाचे घड्याळ त्याने लागते, आणि तुमची झोपेची तक्रार आहेच. (सकाळच्या कोवळ्या उन्हाने ड जीवनसत्त्व मिळते हा समज मात्र सोडून द्यावा. त्यासाठी लागणारे किरण सूर्य वर आल्यावर, साधारण दहा ते तीनच्या दरम्यान, पुरेसे मिळतात. तुमच्या तपासणीत ड जीवनसत्त्व कमी आले असेल तर त्यासाठी डॉक्टरांनी सांगितलेले औषधच घ्या, टेकडीच्या भरवशावर राहू नका.)

आता खरा अडसर. चाळीस मिनिटे घरी सासूबाईंजवळ कोण बसणार, आणि त्याहून अवघड म्हणजे, ते तुम्ही मागणार कसे? माझ्याकडे येणाऱ्या स्त्रिया बहुतेक वेळा असे मागतात : "जमलं तर बसाल का थोडा वेळ, मी पटकन जाऊन येते." या वाक्यात चार पळवाटा आहेत. 'जमलं तर', 'थोडा', 'पटकन' आणि 'बसाल का' हा प्रश्नाचा सूर. त्याऐवजी यजमानांना असे सांगा : "सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सव्वासहा ते सात आईंजवळ तुम्ही." वार ठरलेले, वेळ ठरलेली. त्यांच्या आईजवळ त्यांनी आठवड्यातून सव्वादोन तास बसणे ही त्यांनी तुमच्यावर केलेली मेहेरबानी होत नाही, त्यामुळे आर्जवाचा सूर नको. यजमान बाहेरगावी असतील तर नणंद, दीर, किंवा कामाला येणाऱ्या मावशींना वाढीव पैसे देऊन तेवढा वेळ बसवावे. ही उधळपट्टी नाही. घरात रक्तदाब मोजायचे यंत्र आणताना आपण असा विचार करत नाही.

सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत याची टोचणी तुम्हाला अजून आहे, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहिते. या आजारात रोजचा क्रम हाच रुग्णाचा आधार असतो. वाढणारा हात बदलला, ताट वेगळे आले, वेळ पुढे-मागे झाली, की ते तोंड मिटून घेतात, आणि तुम्ही पहाटेपासून रात्रीपर्यंत नव्हतात म्हणजे त्यांचा अख्खा दिवसच अनोळखी झाला होता. त्यांनी न जेवणे हा तुमच्यावरचा राग नव्हता आणि तुमच्या हातून घडलेला अपराधही नव्हता. एक-दोन जेवणे चुकल्याने सहसा मोठे काही बिघडत नाही. अपवाद मधुमेहाचा : त्यांना साखरेची गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल तर न जेवता औषध दिल्यास साखर धोकादायकरीत्या खाली येऊ शकते, आणि हे जवळ बसणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायलाच हवे. सकाळच्या चाळीस मिनिटांत जेवण येत नाही, औषध येत नाही, बहुधा त्या अर्धवट झोपेतच असतील. दिवसभराच्या सहलीपेक्षा हे छोटे तुकडे मला बरे वाटतात त्याचे हेही एक कारण आहे, कारण रुग्णाचा क्रम मोडत नाही आणि परतताना मनात भीती राहत नाही.

तिथे जाऊन काय करायचे? जवळजवळ काहीच नाही, आणि सुरुवातीला हेच जड जाते. मोबाइल जवळ ठेवा, पण फक्त घरच्या एका क्रमांकाचा आवाज सुरू ठेवा. 'काही असेल तर फोन येईल' ही खात्री असली की दर दोन मिनिटांनी पडदा पाहावा लागत नाही. कानात गाणी किंवा प्रवचन नको. मैत्रिणीबरोबर गेलात तर जाताना-येताना बोला, पण ठरलेल्या जागी गप्प बसा. आणि पावले मोजू नका. दहा हजार पावलांचे ते प्रसिद्ध उद्दिष्ट १९६५ च्या सुमारास जपानमध्ये बाजारात आलेल्या एका पाऊलमोजणी यंत्राच्या नावातून आले, त्या यंत्राच्या नावाचा अर्थच 'दहा हजार पावलांचे मापक' असा होता. व्यायाम चांगलाच, पण तुमच्या आयुष्यात गोळ्या, डायपर आणि तास मोजून होत असताना हा एक आकडा कमी असलेला बरा.

पहिली दहा-पंधरा मिनिटे डोके घरातच असते आणि मनात याद्या चालू राहतात. त्यांच्याशी झगडू नका, फक्त एवढे करा : गेल्या खेपेला इथे नव्हते असे आज काय आहे, ते शोधा. हा खेळ एकाच जागी गेल्यावरच खेळता येतो, म्हणून मी जागा बदलू देत नाही. आता सप्टेंबर संपत आला आहे. तेरडा अजून असेल, गवत पिवळे पडायला लागेल, कोळ्यांची जाळी दवाने दिसू लागतील. खाली उतरल्यावर रस्त्याकडेच्या बुचाखाली सकाळी पांढऱ्या लांब दांड्यांच्या फुलांचा सडा पडू लागेल. त्यातली पाच-सहा ताजी फुले उचला आणि सुई-दोऱ्याशिवाय दांडे एकमेकांत गुंफून वेणी होते का पाहा. लहानपणी केली असेल तर बोटांना आठवेल. पुढे फेब्रुवारीत टेकडीवर पळस पेटेल, मग एप्रिल-मेमध्ये बहावा. पण हा सगळा फुलोरा नाही पाहिला तरी हरकत नाही. एका बाईंनी तीन महिने फक्त एका दगडावरची शेवाळी हिरवी, मग तपकिरी, मग करडी होताना पाहिली, आणि त्यांचे काम झाले.

बाहेर पडणे शक्यच नाही असे आठवडे येतील. सासूबाईंना ताप असेल, यजमान गावी असतील. त्यासाठी दुसरी एक गोष्ट सांगते, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून. पक्षाघात झालेल्या नवऱ्याची सेवा करणाऱ्या एक बाई माझ्याकडे येत. त्यांना घर पंधरा मिनिटेही सोडता येत नसे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेजारच्या वाड्यातला एक शेवगा दिसत असे. जानेवारीत त्याच्या वाळक्या फांदीच्या खालच्या बाजूला एक चिमणीएवढा, कपाळ लाल आणि गळा पिवळा असलेला हिरवा पक्षी चोचीने ठोकू लागला. तो तांबट होता, ज्याचे टुक्-टुक् दिवसभर ऐकू येते पण जो सहसा दिसत नाही. दोघे आळीपाळीने ठोकत, भुसा बाहेर टाकत. बाई रोज कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत तिथे उभ्या राहत आणि कालनिर्णयच्या त्या दिवसाच्या चौकटीत दोन शब्द लिहीत : 'डोके आत', 'आज एकच', 'सातभाईंनी हुसकले', 'पिल्लाचा आवाज?'. त्याच चौकटींत आधी फक्त दूध, गॅस आणि फिजिओथेरपीच्या नोंदी असत. त्यांचा थकवा गेला नाही, नवऱ्याचा हातही सुधारला नाही. पण त्या मला म्हणाल्या की दिवसातली तेवढी दहा मिनिटे माझी मी असते, आणि रात्री चिडून भांडे आपटणे बंद झाले आहे. उलरिक यांच्या खिडकीपाशी मी पुन्हा पुन्हा जाते ते अशा अनुभवांमुळे.

सासूबाईंनाही निसर्गाचा उपयोग होईलच. गच्चीवरच्या कुंडीतली तुळस, हातात दिलेली मोगऱ्याची फुले, निवडायला दिलेली मेथीची जुडी, यांनी अशा रुग्णांना शांत होताना मी पाहिले आहे. हाताची सवय नावांपेक्षा उशिरा जाते. हे जरूर करा, पण एक पथ्य पाळा : त्यांच्याबरोबर गच्चीवर घालवलेली वीस मिनिटे तुमच्या एकशेवीस मिनिटांत धरू नका. तेव्हा तुम्ही कामावरच असता.

काहींच्या बाबतीत एकांत उलटतो, हेही सांगायला हवे. शांत जागी बसल्यावर तेच तेच विचार घोळू लागतात. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०१५ च्या एका प्रयोगात नव्वद मिनिटे झाडा-गवतातून चालून आलेल्यांमध्ये असे घोळणे कमी झालेले आढळले आणि वाहत्या रस्त्याकडेने चालून आलेल्यांमध्ये तसे आढळले नाही. पण तो प्रयोग निरोगी लोकांवर होता आणि त्यात बसणे नव्हते, चालणे होते. म्हणून बसून त्रास होत असेल तर हळूहळू चाला. रडू आले तर येऊ द्या. घरात रडायला दार बंद करावे लागते, आणि स्मृतिभ्रंशाच्या घरात ते दार बंद करता येत नाही.

मात्र दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक सर्व वेळ उदास वाटणे, कशातच गोडी नसणे, भूक जाणे, सासूबाईंवर हात उगारावासा वाटणे किंवा आपण नसलो तर बरे असे मनात येणे, यांपैकी काहीही असेल तर टेकडीवर विसंबू नका आणि पुढच्या तपासणीची वाटही पाहू नका, लगेच मनोविकारतज्ज्ञांना भेटा. रात्री-अपरात्री बोलावेसे वाटले तर केंद्र शासनाची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असते आणि मराठीतून बोलता येते. चालू असलेली गोळी मनाने बंद करू नका. शिवाय तुमचे वय ४७ आहे, तेव्हा झोपमोड आणि चिडचिड यांत रजोनिवृत्तीच्या काळाचाही वाटा असू शकतो. एकदा स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारून घ्या. हा प्रश्न विचारायचा बहुतेक वेळा राहूनच जातो.

सहा आठवडे असे करून पाहा. पहिल्या दोन आठवड्यांत बहुधा काहीही जाणवणार नाही, आणि एखादा वार चुकेल. चुकलेला वार दुसऱ्या दिवशी भरून काढायला जाऊ नका, पुढचा ठरलेला वार पाळा. सहाव्या आठवड्याअखेरीस बरे वाटते का असे स्वतःला विचारण्यापेक्षा, या आठवड्यात किती वेळा आवाज चढला आणि रात्री किती वेळा जाग आली, हे पाहा. ते आकडे सुरुवातीलाच लिहून ठेवा.

थोडी काळजी : अगदी अंधारात एकट्या जाऊ नका, इतर फिरणारे दिसू लागले की निघा. गळ्यातले घरी ठेवा. पायवाट सोडून गवतात शिरू नका, कारण तिथे घोणस असू शकते, आणि गाजरगवताने अंगाला खाज सुटते ती वेगळीच. मोकाट कुत्र्यांना बिस्किटे घालण्याचा मोह टाळा, नाहीतर तुमची शांत जागा त्यांची होईल. परतीचा पाऊस अजून व्हायचा आहे. ढग गडगडू लागले तर एकट्या झाडाखाली थांबू नका, सरळ खाली या. आणि चपला घालून जाऊ नका, टेकडीची मुरमाड वाट ओली असली की उतरताना पाय घसरतो.